नुसत्या कार्डावर

"आता नुसतं कार्ड दाखवलं की सोडतात म्हणे," वेकोंजा फोनवर म्हणाली. "पासपोर्ट नको, काही नको. आता कुठली सबब सांगणार आहेस?"

उनोचारीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मांडीवर कुणाच्या तरी लग्नाचा झगा पसरलेला होता आणि त्याच्या खालच्या घेराला अजून तीन वार दुमड घालायची होती. तिने सुई कापडात खोचून ठेवली.

"सबब कसली? येते की."

"चौदा वर्षं येतेच आहेस."

"तूसुद्धा चौदा वर्षं तिकडेच बसलीयस, ताई."

मग वेकोंजा म्हणाली, "माझे गुडघे दुखतात," आणि विषय बकऱ्यांवर नेला.

दोघी सख्ख्या बहिणी. चार्ल्सहिलच्या एकाच आवारात, एकाच पातेल्यातलं आंबट दूध पिऊन वाढलेल्या. थोरली वेकोंजा लग्न होऊन सरहद्दीपलीकडे गोबाबिसला गेली, धाकटी उनोचारी इकडेच बोट्स्वानात राहिली. मधे सव्वाशे किलोमीटरचा सरळसोट डांबरी रस्ता आणि सरहद्दीचं एक फाटक. हेरेरो जमातीची, नात्यातली निम्मी माणसं फाटकाच्या अलीकडे, निम्मी पलीकडे. लग्नं, बारशी, मयती दोन्हीकडे. जाणंयेणं असायचं. मग वेकोंजाचा नवरा एरास्टस वारला आणि त्या मयतीपासून ते थांबलं.

त्या दिवशीचं उनोचारीला सगळं आठवायचं, फक्त ते कुणापाशी बोलायची नाही. निरोप आला तसा तिने पेटीच्या तळातून पासपोर्ट काढला, न उघडता पिशवीत टाकला आणि काळा झगा घालून दिराच्या गाडीत बसली. फाटकावरच्या माणसाने पासपोर्ट उघडून हळूच तिच्याकडे फिरवला. मुदत संपून चार महिने झाले होते. माणूस वाईट नव्हता. त्याने डोक्यावरची टोपीही काढली, पण सोडलं नाही. गाडीतले बाकीचे पुढे गेले. मयतीला सगळे होते, सख्खी बहीण तेवढी नव्हती. नंतर फोनवर वेकोंजा म्हणाली होती, "कागद आधी बघून ठेवता येतो. झग्याची टीप वाकडी गेली तर शंभरदा उसवतेस तू." दोन वर्षं दोघी बोलल्या नाहीत. मग बोलायला लागल्या, पण तेवढी जागा सोडून, दुखऱ्या दाताच्या बाजूने जसं चावत नाहीत तसं. पुढे उनोचारीच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला, त्याचं सहा वर्षं केलं, तो गेला, आणि नवा पासपोर्ट काढायला घांझीच्या कचेरीत जायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

आणि आता कार्ड. दोन्ही देशांनी ठरवलं की आपापल्या माणसांनी ओळखपत्रावर यावं-जावं. ओळखपत्र तर काय, प्रत्येकाच्या खिशात असतंच.

पण उनोचारी एकदा तोंडघशी पडलेली बाई होती. ती गावातल्या सरकारी कचेरीत तीनदा गेली. पहिल्यांदा विचारलं, काय काय लागतं. दुसऱ्यांदा विचारलं, पहिल्यांदा सांगितलं ते खरं ना. तिसऱ्यांदा वही घेऊन गेली आणि खिडकीतल्या बाईला म्हणाली, "सावकाश सांग, मी लिहून घेते." वहीच्या मागच्या पानांवर गिऱ्हाइकांची छातीची न् कमरेची मापं होती, पुढच्या पानावर तिने लिहिलं: कार्ड चालू मुदतीचं. तुटलेलं, चिरलेलं चालत नाही. झेरॉक्स चालत नाही. कुणाकडे राहणार त्याचा पत्ता. पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला आपल्याकडून जाणाऱ्याला नको. मांस, दूध, कातडं नेऊ नये, गुरांच्या रोगामुळे. गाडी असल्यास गाडीचे कागद.

"दूधसुद्धा नको?" तिने विचारलं होतं.

"दूधसुद्धा नको, आजी."

"आंबवलेलं?"

"आंबवलेलंही दूधच की."

हे मात्र तिच्या जिवाला लागलं. माहेरच्या विरजणाचं दूध बहिणीला नेता येऊ नये म्हणजे काय. पण लिहून घेतलं.

तिला नेणार होता तिचा धाकटा दीर कापुइरे. अठ्ठावीस वर्षं त्याने याच रस्त्यावर ट्रक चालवला होता. पलीकडच्या देशातल्या वॉल्विस बेच्या बंदरातून माल भरायचा तो थेट इकडे लोबात्सेला उतरवायचा. निवृत्त झाल्यावर दिवसभर दुकानासमोरच्या बाकावर बसायचा आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचं टायर बघून मत द्यायचा. वहिनीची वही बघून तो हसत बाकावरच लोळला.

"वहिनी, लग्नाची यादी केलीत का? मी त्या फाटकातून किती वेळा गेलोय ठाऊक आहे? तिथली कुत्रीसुद्धा मला ओळखतात."

"कुत्र्यांना विचारणार नाहीत, भावोजी. तुम्हाला विचारतील."

"दुधाचा कॅन घ्या. सीटखाली ठेवतो. काही होत नाही."

"माझ्या मांडीवर वही आहे आणि तिच्यात लिहिलंय नेऊ नये. नाही नेणार."

"तुमच्यासारखी माणसं असती तर अठ्ठावीस वर्षांत मी एकदासुद्धा वेळेवर पोचलो नसतो."

"आणि तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणूनच सरकारला एवढ्या खिडक्या उघडाव्या लागतात."

जुलै महिना, थंडी चांगलीच पडलेली. निघायच्या दिवशी उनोचारीने सात परकर चढवले, वर हिरव्या-केशरी कापडाचा पायघोळ झगा आणि डोक्यावर गाईच्या शिंगांसारखं आडवं पसरलेलं शिरोभूषण. कापुइरे पिकअपपाशी उभा राहून बघत होता.

"फाटकापर्यंत जायचंय, राणीच्या राज्यारोहणाला नाही."

"एकदा मला तिथून परत पाठवलंय," ती म्हणाली. "आज मी पाहुणी दिसले पाहिजे."

त्या दिवशीची गाडीही त्यानेच चालवली होती. त्याने दार उघडून धरलं आणि परकरांचा सगळा पसारा आत जाईपर्यंत धरून ठेवलं.

सरहद्दीवरच्या मामुनोच्या चौकीत गर्दी नव्हती. आत शेगडी पेटवलेली होती. खिडकीतल्या तरुणाने उनोचारीचं कार्ड घेतलं, यंत्राखाली धरलं, तिच्या तोंडाकडे बघितलं, शिंगांकडे बघितलं आणि कार्ड परत दिलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मागची बाजू नाही बघितलीत."

"बघितली, आजी."

तिला जरा चुकल्यासारखंच वाटलं. मुदत किती उरलीय, पत्ता काय, हे सगळं सांगायची तयारी तिने रात्री केली होती. वही पिशवीतून अर्धी वर आली होती, ती तिने पुन्हा खाली ढकलली.

मागून कापुइरेचा आवाज चढायला लागला होता. तो शेजारच्या खिडकीशी उभा होता, जिथे गाड्यांचे कागद बघत.

"अहो पण मुलगा माझाच आहे."

"असेल, दादा. पण गाडी त्याच्या नावावर आहे," आतली पोलीसबाई शांतपणे म्हणाली. "मालकाचं पत्र हवं, शपथेवर केलेलं आणि शिक्का मारलेलं. गाडी देशाबाहेर न्यायला माझी हरकत नाही म्हणून."

"मी त्याचा बाप आहे. त्याची हरकत कशी असेल?"

"तेच त्याने लिहून द्यायला हवं."

"तो जवानेंगच्या खाणीत आहे. संध्याकाळपर्यंत फोनसुद्धा उचलत नाही."

"मग उद्या. नाहीतर परवा."

"मी अठ्ठावीस वर्षं या फाटकातून..."

"ट्रक कंपनीचा होता, दादा. कंपनीचं पत्र सोबत असायचं. तुम्ही कदाचित वाचलं नसेल."

कापुइरेने खिसे चाचपले, पुन्हा तेच खिसे चाचपले, आणि मग वहिनीकडे वळला. वहिनी हसेल असं त्याला वाटलं असावं. पण ती हसली नाही. हे तोंड तिच्या ओळखीचं होतं. चौदा वर्षांपूर्वी तिचंच असं झालं होतं.

"चला, वहिनी," तो म्हणाला. "पत्र आलं की पुढच्या आठवड्यात जाऊ. घरी जाऊन चहा घेऊ."

उनोचारी कार्ड हातात धरून उभी होती. बाहेर खिडकीतून दिसत होतं: फाटक, त्याच्यापुढे रिकामा डांबरी रस्ता, आणि लांबवर पलीकडची चौकी. ती आयुष्यात एकटी कुठे गेली नव्हती. घांझीलासुद्धा कुणी ना कुणी सोबत असायचं.

तिने खिडकीतल्या तरुणाला विचारलं, "चालत जायला गाडीचे कागद लागतात का?"

"नाही, आजी. चालत जायला तुम्ही पुरे."

"वहिनी, वेड्यासारखं करू नका," कापुइरे म्हणाला. "पलीकडून पुढे कशा जाणार?"

"तुम्हीच सांगता ना, रस्त्यावर कुणी ना कुणी थांबतंच म्हणून."

"ते ट्रकवाल्यांसाठी. तुम्ही या शिंगांसकट..."

"शिंगं लांबून दिसतात. बरंच आहे."

मग त्याने वाद घातला नाही. पिशवी तिच्या हातून घेऊन फाटकापर्यंत आणून दिली. स्वतःची लोकरी शाल तिच्या खांद्यावर टाकली. "पोचलात की फोन करा," म्हणाला, आणि थोडं थांबून, "त्या वेळी मी तुमच्यासाठी थांबायला हवं होतं. गाडीत बाकीचे होते म्हणून पुढे गेलो."

"मयतीला उशीर करून चालत नाही, भावोजी. बरोबर केलंत."

आणि ती निघाली. एवढे परकर घालून घाईने चालता येत नाही. हेरेरो बायका तशाही भरल्या पोटाच्या गाईसारख्या डुलत, दमाने चालतात. दोन चौक्यांमधला तो तुकडा ना या देशाचा ना त्या. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, बाभळीची झुडपं, मधूनच एखादी टिटवी. तिची पणजी याच मुलुखातून उलट्या दिशेने आली होती, जर्मन फौजेच्या बंदुका पाठीमागे लागलेल्या असताना, वाळू तुडवत, तिच्या आठ माणसांतली दोन उरली. तिला कुणी कार्ड विचारलं नव्हतं. त्या गोष्टी लहानपणी इतक्यांदा ऐकल्या होत्या की ऐकून ऐकून गुळगुळीत झाल्या होत्या. आज पायाखाली रस्ता होता, हातात पिशवी होती आणि पुढे चौकीच्या दारात एक माणूस झाडू मारत होता. उनोचारीला वाटलं, पणजीने हे बघायला हवं होतं. मग वाटलं, पणजी म्हणाली असती, पिशवीत खायला काय घेतलंयस ते आधी दाखव.

पलीकडच्या खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिने कार्ड बघून थेट हेरेरोतच विचारलं, "कशा आहात, मावशी? कुणाकडे निघालात?"

"बहिणीकडे. गोबाबिसला. पत्ता लिहून आणलाय."

"दूध, मांस काही?"

"नाही," उनोचारी म्हणाली. आणि मग राहवेना म्हणून, "आणायचं होतं. तुमच्या नियमापायी घरी ठेवून आले."

"माझी आई पण यावरून शिव्या घालते," मुलगी म्हणाली. "किती दिवस राहणार?"

"तीन."

मुलीने लिहायला पेन टेकवलं. उनोचारीने पटकन विचारलं, "जास्तीत जास्त किती राहू देता?"

"नव्वद."

"मग तीन लिहून ठेवू नकोस एवढ्यात. बहीण भांडली तर तीन. नाही भांडली तर मी आत्ता कसं सांगू?"

मुलीने हसू दाबत कागदावर काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि कागद कार्डासोबत सरकवला. "महिना लिहिलाय. त्याच्या आत भांडण उरकून घ्या. आणि हा कागद जपा, परत जाताना द्यायचा आहे."

तो कागद उनोचारीने वहीत ठेवला, वही पिशवीत, पिशवीचा बंद दोनदा बांधला.

चौकीपुढच्या पेट्रोल पंपापाशी तिला फार थांबावं लागलं नाही. लुडविने नावाची, गोबाबिसच्या एका पाद्र्याची बायको, एका छोट्या पांढऱ्या गाडीत बसून कागदातल्या, कणकेच्या तळलेल्या गोळ्यांबरोबर चहा पीत होती. तिने काच खाली केली आणि पहिला प्रश्न विचारला, "या बाह्या कुणी शिवल्या?"

"मीच."

"मग बसा."

बसणं सोपं नव्हतं. शिंगं दारातून जाईनात. शेवटी उनोचारीने शिरोभूषण उतरवून मांडीवर घेतलं, खाली रुमाल बांधलेला होताच, आणि सगळा रस्ता ते लहान मूल धरावं तसं धरून बसली. लुडविनेने वाटेत तिच्याकडून खांद्याच्या चुण्या कशा घालायच्या ते काढून घेतलं आणि त्याबदल्यात तिला तीन गोळे खाऊ घातले. गोबाबिसमध्ये शिरल्यावर पत्ता विचारत विचारत तिने गाडी थेट वेकोंजाच्या दारासमोर उभी केली.

वेकोंजा अंगणात बादलीपाशी वाकलेली होती. गाडी बघून ती सरळ झाली, पण पुढे आली नाही. केस सगळे पांढरे, कंबर जाड झालेली, डावा हात गुडघ्यावर. उनोचारी उतरली, शिरोभूषण आधी नीट डोक्यावर चढवलं, आणि मग चालत गेली.

"दूध आणलंस?" वेकोंजाने विचारलं.

"चालत नाही."

"कापुइरे कुठाय?"

"त्यांचीही गाडी चालत नाही. म्हणजे चालते, पण कागद नाहीत."

"मग तू आलीस कशी?"

"पायी. थोडी पायी."

वेकोंजाने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हात पुसले, दाराला कडी घातली. "चहा नंतर," ती म्हणाली. "आधी त्याच्याकडे जाऊन येऊ."

कबरस्तान फार लांब नव्हतं. दोघी हळूहळू गेल्या, एक गुडघ्यांमुळे, एक परकरांमुळे. एरास्टसची कबर काळ्या फरशीची होती, उशाशी लहान-मोठे दगड रचलेले, येऊन गेलेल्या माणसांनी एकेक ठेवलेले. उनोचारीने वाटेतून एक दगड उचलला होता. तो ठेवून तिने फरशीवर हात टेकला. आल्यागेल्याने मेलेल्याला आपलं नाव सांगायचं असतं.

"एरास्टस, मी उनोचारी. तुझी मेहुणी," ती म्हणाली. "उशीर झाला. मी निघाले होते त्या दिवशी. फाटकावर अडवलं. चूक माझीच होती, मी कागद बघितला नव्हता. पण मी लगेच परत नाही गेले. तारेच्या कुंपणाला धरून उभी होते. वाटलं, कुणी येईल, कुणी सोडेल. संध्याकाळ झाली. मग कळलं की इकडे तुला माती दिली असणार. तेव्हा तिथेच कुंपणाशी मोठ्याने रडून घेतलं. ट्रकवाले थांबून बघत होते. तू ऐकलंस की नाही मला माहीत नाही."

तिने मान वर केली तेव्हा वेकोंजा तिच्याकडे बघत होती.

"हे मला कधी नाही सांगितलंस."

"काय सांगणार? तेव्हा सांगितलं असतं तर सबबच वाटली असती."

"वाटली असती," वेकोंजा म्हणाली. ती खाली बसायला गेली, गुडघा वाकेना, तशी उनोचारीने तिला दंडाला धरून फरशीच्या कडेवर बसवलं. "मी सगळ्यांना सांगितलं होतं, तिच्यासाठी दार उघडं ठेवा, ती येईल. दुसऱ्या दिवशीसुद्धा ठेवलं होतं. आणि मग इतकी वर्षं मी म्हणत बसले की तिला झगे शिवायचे होते."

"झगे होतेच की शिवायला."

वेकोंजाला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम. उनोचारीने कापुइरेची शाल तिच्या खांद्यावर टाकली. ऊन छान लागत होतं.

तीन दिवस झाले, पाच झाले, दहा झाले. पहिलं भांडण दुसऱ्याच दिवशी झालं, वेकोंजाच्या जुन्या झग्याच्या बाह्यांवरून. उनोचारीने न विचारता त्या उसवल्या होत्या. दुसरं झालं चहात साखर किती यावरून. बाह्या नव्या बसल्यावर वेकोंजा आरशासमोरून हलेना, आणि मग शेजारच्या दोघी आपापले झगे घेऊन आल्या, त्यांच्या मागून लुडविने आली. सकाळी दोघी अंगणात उन्हात खुर्च्या टाकून बसायच्या, एक शिवायची, एक बटणं लावायची, आणि गावातल्या, मेलेल्या आणि जिवंत, सगळ्या माणसांचा समाचार घ्यायच्या.

सोळाव्या दिवशी कापुइरे पिकअप घेऊन दारात उभा राहिला. पत्र त्याने प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं होतं आणि विचारायच्या आधीच सगळ्यांना दाखवलं. तीन शिक्के होते.

"एकच लागतो," उनोचारी म्हणाली.

"असू दे. चला, वहिनी. तुमच्या कोंबड्यांनी माझं डोकं खाल्लंय."

"माझे अजून चौदा दिवस आहेत. कागद आहे माझ्याकडे."

"मग मी काय करू?"

"बस," वेकोंजा आतून म्हणाली. "मांस शिजतंय."

तो बसला. जेवण चांगलं झालं. त्याने दोनदा वाढून घेतलं आणि रस्ता आता कसा खराब झालाय ते सविस्तर सांगितलं. चहा झाल्यावर वेकोंजाने सहज विचारावं तसं विचारलं, "त्या पिकअपमध्ये पुढे तिघं मावतात का?"

"तिघं मावतील," कापुइरे म्हणाला. "परकर कमी घातले तर."

"कुठे जायचंय?" उनोचारीने विचारलं.

"दूध तू आणू शकत नाहीस," वेकोंजा म्हणाली. "मग मीच तिकडे येऊन प्यायला काय हरकत आहे?"

उनोचारीने शिवण बाजूला ठेवली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला.

"तुझं कार्ड आण बघू आधी. मुदत बघते."